मालकी एकाची, वापर दुसऱ्याचा

लग्नघराचा हिशेब मांडावयास बसलें म्हणजे एक गोष्ट चटकन् ध्यानांत येते. मंगल कार्यालय भाड्याचें, मांडवाचे खांब आणि कनाती भाड्याच्या, पंगतीचीं पातेलीं भाड्याचीं, वरातीची मोटर भाड्याची. एवढेंच काय, दिव्यांच्या माळासुद्धां भाड्याच्याच. दोन दिवसांनीं ज्याचें त्याला परत जातें आणि यजमानाच्या हातीं उरतात तीं बिलें. त्यांतील मोठ्या व्यावसायिकांच्या बिलांच्या तळाशीं वस्तु व सेवा कराची एक ओळ असते. कांहीं विकत घेतलें नाहीं, कांहीं घरीं राहिलें नाहीं, मग हा कर पडला तो कशावर, असा प्रश्न यजमानाच्या मनांत आला तर त्याला भोळा म्हणतां येणार नाहीं. ह्याच प्रश्नापायीं संसदेला राज्यघटना दुरुस्त करावी लागली, सर्वोच्च न्यायालयाला वारंवार खल करावा लागला, आणि केंद्र व राज्यें यांनीं एकाच भाड्यावर दोहों बाजूंनीं हात ठेवल्यामुळें मधल्या व्यापाऱ्याची अनेक वर्षें ओढाताण झाली.

विकणें आणि भाड्यानें देणें यांतील भेद व्यवहाराला फार जुन्या काळापासून ठाऊक आहे. विकलेल्या वस्तूवरील विकणाराचा हक्क संपतो; भाड्यानें दिलेली वस्तु मालकाचीच राहते आणि केवळ तिचा उपभोग कांहीं काळापुरता दुसऱ्याकडे जातो. रोमन कायद्यानें खरेदी-विक्री आणि भाडें हे दोन स्वतंत्र करार मानले होते. मराठी व्यवहारांत तर उपभोगाच्या मोबदल्याला वस्तूगणिक निराळें नांव आहे. शेत कसावयास दिलें तर खंड, घर राहावयास दिलें तर भाडें, आंबराईचा एका हंगामाचा बहर दिला तर मक्ता. ‘भाड्याचें घर, खाली कर’ ही म्हणही हेंच सांगते, कीं उपभोग कितीही लांबला तरी मालकी सरकत नाहीं.

परंतु भाड्याचेही दोन प्रकार आहेत. पूर्वीं शहरांतून सायकलच्या दुकानीं तासाच्या बोलीनें सायकल मिळे. तेवढा तास ती घेणाराच्या ताब्यांत असे. तो ती हवी तिकडे नेई, आणि त्या वेळांत दुकानदाराला तीच सायकल दुसऱ्या गिऱ्हाइकाला देतां येत नसे. उलट दिवसभरासाठीं टांगा ठरविला तरी लगाम टांगेवाल्याच्याच हातांत राही. कोठें जावयाचें तें बसणारा सांगे; घोडा कसा हांकावयाचा, केव्हां सोडावयाचा, तें टांगेवाला ठरवी. पैसे दोन्हीकडे भाड्याचेच. पण एका व्यवहारांत वस्तु हातीं आली, दुसऱ्यांत वस्तूच्या साहाय्यानें केलेली चाकरी मिळाली. सायकल आणि टांगा यांतील हा भेद ध्यानीं ठेवला म्हणजे भाड्यावरील कराचा पुष्कळसा इतिहास आपोआप उलगडतो.

ह्या इतिहासाची सुरुवात भाड्यापासून होत नाहीं. ती विक्रीपासून होते. सन १९३५ च्या हिंदुस्थान सरकारच्या कायद्यानें प्रांतांना वस्तूंच्या विक्रीवर कर बसविण्याचा अधिकार दिला. नागपूर ही राजधानी असलेल्या मध्यप्रांत-वऱ्हाडानें १९३८ मध्यें मोटारीचें इंधन व वंगण यांच्या किरकोळ विक्रीवर कर बसविणारा कायदा केला. हा कर वस्तुतः अबकारी स्वरूपाचा असून तो बसविण्याचा हक्क मध्यवर्ती सरकारचा आहे, अशी हरकत निघाली, आणि गव्हर्नर-जनरलनें तो प्रश्न नुकत्याच स्थापन झालेल्या फेडरल कोर्टापुढें सल्ल्यासाठीं ठेवला. सर मॉरिस ग्वायर, सर शहा सुलेमान आणि बॅरिस्टर मुकुंद रामराव जयकर ह्या तीन न्यायाधीशांनीं प्रांताच्या बाजूनें कौल दिला. पाठोपाठ १९३९ मध्यें राजगोपालाचारींच्या मंत्रिमंडळानें मद्रास प्रांतांत सर्वसाधारण विक्रीकर आणला. दारूबंदीमुळें आटलेला महसूल भरून काढण्याची निकड त्यामागें होती. मुंबई प्रांताचा विक्रीकराचा कायदा १९४६ चा. १९५० मध्यें अमलांत आलेल्या राज्यघटनेनेंही हा अधिकार राज्यांकडेच ठेवला, आणि विक्रीकर हा राज्यांच्या तिजोरीचा मोठा आधार झाला.

मात्र ज्या शब्दावर हा आधार उभा होता, तो ‘विक्री’ हा शब्द कोठपर्यंत ताणतां येईल हें अद्याप ठरावयाचें होतें. तें १९५८ मध्यें ठरलें. मद्रास सरकारनें इमारती बांधणाऱ्या गॅनन डंकर्ले ह्या कंपनीकडून बांधकामांत वापरलेल्या मालावर विक्रीकर मागितला होता. त्या दाव्यांत सर्वोच्च न्यायालयानें असें सांगितलें, कीं घटनेंतील ‘वस्तूंची विक्री’ ह्या शब्दांचा अर्थ १९३० च्या मालविक्री कायद्यांत आहे तोच घेतला पाहिजे. मालाबद्दल करार हवा, त्याचें मोल हवें, आणि त्या करारानुसार मालाची मालकी एकाकडून दुसऱ्याकडे गेली पाहिजे. ह्यांपैकीं एक अंग लंगडें पडलें तर ती विक्री नव्हे, आणि जी विक्री नव्हे तिला विक्री म्हणण्याचा अधिकार राज्याच्या कायदेमंडळाला नाहीं.

हा निकाल बांधकामापुरता दिसला तरी त्याची सावली भाड्यावरही पडली. भाड्यांत मालकी हलतच नाहीं. तेव्हां तेथें विक्रीकराचा प्रश्नच उरला नाहीं. भाडेखरेदीची गोष्ट थोडी निराळी. तिच्यांत घेणारा हप्त्याहप्त्यानें पैसे देतो आणि अखेरीस वस्तु स्वतःची करून घेण्याचा पर्याय त्याला असतो. तो पर्याय वापरून मालकी त्याच्याकडे येईल त्या क्षणीं विक्री झाली, तोंवर तें भाडेंच, अशी विभागणी न्यायालयानें १९६० नंतरच्या दशकांत केली. तर्काच्या दृष्टीनें ही विभागणी चोख होती. महसुलाच्या दृष्टीनें मात्र तिनें एक मोठा दरवाजा उघडा ठेवला.

त्या दरवाजानें जाणारे लोक पुढें वाढूं लागले. १९७३ मध्यें मद्रासेंत फर्स्ट लीझिंग कंपनी ऑफ इंडिया स्थापन झाली, आणि यंत्रें स्वतः विकत घेऊन तीं कारखानदारांना वर्षानुवर्षांच्या भाडेपट्ट्यानें देणें हा एक स्वतंत्र धंदा झाला. ह्या धंद्याला प्राप्तिकराचें मोठें उत्तेजन होतें. यंत्राचा मालक ह्या नात्यानें लीझिंग कंपनीला घसाऱ्याची सूट मिळे, आणि भाडें हा धंद्याचा खर्च म्हणून कारखानदाराच्या उत्पन्नांतून वजा होई. यंत्र आयुष्यभर एकाच कारखान्यांत चालावें, तेथेंच झिजावें, पण कागदोपत्रीं तें कधींच विकलें जाऊं नये, असा हा प्रकार. अशा व्यवहारांत यंत्राचा खराखुरा उपभोग हातोहात पोंचतो आणि आम्ही मात्र रिकाम्या हातांनीं पाहत राहतों, ही राज्यांची तक्रार निराधार नव्हती. विधि आयोगानें १९७४ च्या आपल्या एकसष्टाव्या अहवालांत ह्या अडचणींचा विचार केला. १९७८ मध्यें उपाहारगृहांत वाढलेल्या अन्नासंबंधींचा एक निकाल राज्यांच्या विरुद्ध गेला, तेव्हां दुरुस्तीची निकड अधिकच वाढली.

सन १९८२ ची सेहेचाळिसावी घटनादुरुस्ती ही ह्या तक्रारीला संसदेनें दिलेलें उत्तर होय. ती २ फेब्रुवारी १९८३ पासून अमलांत आली. घटनेच्या ३६६ व्या कलमांत तिनें एक नवें पोटकलम घातलें आणि मूळच्या अर्थानें विक्री नसलेल्या कांहीं व्यवहारांना विक्रीच्या पंक्तीला बसविलें. ठेकेदारीच्या कामांत खपलेला माल, भाडेखरेदीनें दिलेली वस्तु, संस्थेनें सभासदांना पुरविलेला माल, उपाहारगृहांतील अन्न, आणि ह्यांच्याच बरोबर मोबदला घेऊन कोणत्याही कारणासाठीं दिलेला वस्तु वापरण्याचा हक्क, मग त्याला मुदत असो वा नसो. जन्म दुसऱ्या घरीं झालेला मुलगा दत्तकविधीनें ह्या घरचा ठरतो, तसें भाडें हें ह्या विधीनें विक्रीच्या घरांत आलें. ‘मानलेली विक्री’ असें त्याला कायद्याच्या भाषेंत म्हणूं लागले. दत्तकाचें गोत्र बदललें तरी त्याचें रक्त बदलत नाहीं; त्याप्रमाणें ह्या मानलेल्या विक्रींतही मालकी मालकाकडेच राहत होती, आणि पुढचे तंटे निघाले ते तेथूनच.

पहिला तंटा जागेचा निघाला. विकलेला माल एकदां हवालीं झाला कीं संपलें. भाड्याची वस्तु मात्र आज एका राज्यांत, उद्यां दुसऱ्या राज्यांत फिरते. करार एका शहरांत झाला, यंत्र दुसऱ्या राज्यांतील कारखान्यांतून निघालें आणि तिसऱ्या राज्यांत चालूं लागलें, तर मानलेली विक्री कोठें झाली? महाराष्ट्रानें वापराच्या हक्कावरील विक्रीकराचा आपला स्वतंत्र कायदा १९८५ मध्यें केला होता. करार कोठेंही झालेला असो, वस्तु वापरासाठीं महाराष्ट्रांत असेल तर विक्री महाराष्ट्रांत झाली असें समजावें, अशी तरतूद त्यांत होती. इतर राज्यांनींही अशाच तरतुदी केल्या, आणि एकाच भाड्यावर दोन-दोन राज्यांच्या नोटिसा येण्याचा संभव निर्माण झाला. ट्वेंटिएथ सेंच्युरी फायनान्स कॉर्पोरेशन ह्या कंपनीनें ही तरतूद न्यायालयांत नेली. सन २००० मध्यें सर्वोच्च न्यायालयाच्या पांच न्यायाधीशांनीं, तीन विरुद्ध दोन अशा बहुमतानें, निर्णय दिला. कर आहे तो वापरावर नव्हे, वापरण्याचा हक्क देण्यावर आहे; म्हणून वस्तु अस्तित्वांत असेल तर हक्क देणारा करार जेथें झाला तीच विक्रीची जागा होय. केवळ वस्तु आपल्या हद्दींत चालते एवढ्यावरून राज्याला कर मागतां येणार नाहीं. महाराष्ट्राच्या कायद्यांतील तो भाग अशा रीतीनें निष्प्रभ झाला. ह्यानंतर दोनच वर्षांनीं केंद्रीय विक्रीकर कायद्यांतील विक्रीच्या व्याख्येंतही वापराच्या हक्काचा समावेश करण्यांत आला.

दुसरा तंटा अधिक खोल, आणि तो सायकल व टांगा यांच्यांतील भेदाचाच. विशाखापट्टणम् येथील पोलादाच्या सरकारी कारखान्यानें बांधकामाच्या वेळीं आपलीं अवजड यंत्रें ठेकेदारांना कारखान्याच्याच कामासाठीं वापरावयास दिलीं होतीं आणि त्याबद्दल तो आकार घेत होता. राज्य सरकार म्हणालें, हा वापराचा हक्क दिला, कर भरा. आंध्र प्रदेश उच्च न्यायालयानें यंत्रांवर हुकमत कोणाची हें पाहिलें. ठेकेदाराला तीं यंत्रें बाहेर नेतां येत नव्हतीं, दुसऱ्या कामाला लावतां येत नव्हतीं. खरें नियंत्रण कारखान्याकडेच होतें. तेव्हां हक्क हस्तांतरित झालाच नाहीं, असें त्या न्यायालयानें ठरविलें, आणि २००२ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें तें कायम केलें.

ह्या विचाराला नेटकें रूप मिळालें तें २००६ मध्यें, आणि तेंही टेलिफोनच्या वादांत. मोबाईल टेलिफोनची जोडणी देतांना कंपनी आपल्या लहरी वापरण्याचा हक्कच विकते, असें राज्यें म्हणत होतीं. भारत संचार निगमच्या दाव्यांत सर्वोच्च न्यायालयानें हें म्हणणें फेटाळलें. हवेंतून जाणाऱ्या विद्युत्-चुंबकीय लहरी ह्या हवालीं करतां येण्याजोगा माल नव्हेत, असें तें म्हणालें. त्याच निकालांत न्यायमूर्ति लक्ष्मणन् यांनीं पांच कसोट्या घालून दिल्या. देण्याजोगी वस्तु असली पाहिजे; ती कोणती याबद्दल उभयपक्षांचें एकमत पाहिजे; वापरण्याचा कायदेशीर हक्क, त्यासाठीं लागणाऱ्या परवान्यांसह, घेणाराकडे गेला पाहिजे; त्या मुदतींत तो हक्क देणाराला वगळून घेणाराचा एकट्याचा असला पाहिजे; आणि तेवढ्या काळांत मालकाला तोच हक्क तिसऱ्याला देतां येतां कामा नये. सायकलच्या दुकानाचा जुना व्यवहार ह्या पांचही कसोट्यांना उतरतो. टांगा तिसऱ्या-चौथ्या कसोटीवरच अडतो.

कसोट्या स्पष्ट असल्या तरी त्या लावणें सोपें नव्हतें, हें दोन निकालांच्या तुलनेवरून दिसतें. नवीन मंगळूर बंदरासाठीं एक टग-नौका तिच्या खलाशांसह भाड्यानें देण्यांत आली होती. करारांतील कलमें पाहून २०१९ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें ठरविलें, कीं खलाशी मालकाचे असले तरी नौका पूर्णपणें बंदराच्या स्वाधीन केलेली होती. म्हणून वापराचा हक्क गेला आणि कर लागू झाला. आसामांत तेल काढणाऱ्या सरकारी महामंडळानें क्रेन, टँकर, ट्रक हीं वाहनें ठेकेदारांकडून चालकांसह घेतलीं होतीं. तेथें वाहन बिघडलें तर दुसरें देण्याची, माणसें नेमण्याची, विमा उतरविण्याची, अपघाताची जबाबदारी पत्करण्याची सारी धुरा ठेकेदारावर होती. म्हणून २०२४ च्या जानेवारींत त्याच न्यायालयानें तेथें हक्क दिला गेला नाहीं असें म्हटलें. दोन्हीकडे माणूस मालकाचाच. भेद पडला तो करारांतील बारीक अक्षरांमुळें. आणि हे निकाल आले तेव्हां ज्या विक्रीकराबद्दल हे तंटे होते तो कर जाऊन नवा कर येऊन चुकला होता.

राज्यें भाड्याला विक्री म्हणून पकडीत असतां केंद्र सरकार दुसऱ्या बाजूनें त्याच भाड्याकडे येत होतें. १९९४ च्या जुलैमध्यें टेलिफोन, सामान्य विमा आणि शेअर-दलाली ह्या तीनच सेवांवर पांच टक्के सेवाकर सुरू झाला. दरसाल यादी वाढत गेली. १९९७ मध्यें मंगल कार्यालयें चालविणारांचा तींत समावेश झाला, आणि कार्यासाठीं जागा वापरावयास देणें ही सेवाच होय असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयानें २००४ मध्यें दिला. पुढें आर्थिक भाडेपट्टे आले; त्यांवरील सेवाकर २०१० मध्यें वैध ठरला. २००८ च्या मे महिन्यापासून वस्तूचा ताबा आणि नियंत्रण न देतां ती वापरावयास पुरविणें हीही करपात्र सेवा झाली. म्हणजे सायकल राज्याची आणि टांगा केंद्राचा, अशी वांटणी झाली. कागदावर ती सुंदर दिसे. पण क्रेनच्या मालकाला आपली क्रेन सायकल आहे कीं टांगा, हें ठरवावें लागे. त्याचें उत्तर चुकलें तर एका सरकारकडे भरलेला पैसा दुसऱ्या सरकारच्या मागणीला उत्तर म्हणून चालत नसे.

जागेच्या भाड्याचा तंटा तर थेट दुकानदारांच्या दारीं आला. धंद्यासाठीं दिलेल्या इमारतींच्या भाड्यावर १ जून २००७ पासून सेवाकर लागू झाला. जागा नुसती भाड्यानें देण्यांत सेवा ती कोणती, तिनें कोणत्या मोलाची भर घातली, असा मुद्दा काढून मोठ्या दुकानदारांनीं दिल्ली उच्च न्यायालयांत दाद मागितली, आणि २००९ मध्यें त्या न्यायालयानें तो मान्य केला. संसदेनें २०१० मध्यें कायदाच बदलला, आणि तोही २००७ पासून लागू होईल असा. म्हणजे निकाल जिंकलेल्या दुकानदाराच्या डोक्यावर तीन वर्षांची थकबाकी येऊन बसली. २०११ मध्यें मुंबई उच्च न्यायालयानें, आणि पुढें दिल्लीच्या पूर्णपीठानें, हा बदल वैध ठरविला. भाडें ही सेवा आहे, हा सिद्धांत अशा रीतीनें पक्का झाला.

ही सारी भिंत १ जुलै २०१७ रोजीं बाजूला सरली. त्याआधीं २०१६ मध्यें झालेल्या एकशें-एकाव्या घटनादुरुस्तीनें केंद्र आणि राज्यें यांना वस्तु व सेवा यांच्या पुरवठ्यावर एकत्र कर बसविण्याचा अधिकार दिला. ‘विक्री’ च्या जागीं ‘पुरवठा’ हा शब्द आला. मालकी गेली कीं नाहीं हें कराचें मूळ उरलें नाहीं. मोबदला घेऊन धंद्याच्या ओघांत कांहीं पुरविलें एवढें पुरें झालें. नव्या कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचींत भाड्याचीं स्थानें ठरवून दिलेलीं आहेत. मालकी न देतां वस्तूवरील हक्क दिला तर ती सेवा. वस्तु वापरण्याचा हक्क दिला तरी सेवा. जमिनीचा पट्टा, कूळवहिवाट वा वहिवाटीचा परवाना हीही सेवा. इमारत धंद्यासाठीं भाड्यानें दिली तर सेवाच. फक्त भाडेखरेदीसारखा व्यवहार, ज्यांत पूर्ण पैसे फिटल्यावर मालकी जावयाची असें आधींच ठरलेलें असतें, तो वस्तूचा पुरवठा होय. १९८२ मध्यें विक्रीच्या घरीं दत्तक गेलेलें भाडें पस्तीस वर्षांनीं सेवेच्या घरीं नांदावयास आलें.

संक्रमणाच्या काळांतील एक अडचण येथें नोंदण्याजोगी आहे. १ जुलै २०१७ पूर्वीं खरेदी करून भाड्यानें दिलेल्या मोटारींवर जुने कर भरून झालेले होते. आतां त्यांच्या भाड्यावर नवा कर पुन्हां पूर्ण पडणार होता. एकाच गाडीवर दोनदां कर नको म्हणून त्या वर्षाच्या ऑक्टोबरांत सरकारनें अशा गाड्यांच्या भाड्यावर लागू दराच्या ६५ टक्केच कर घ्यावा असें ठरविलें, आणि ती सवलत तीन वर्षांपुरती ठेवली. जुन्या चुकीचा हा उघड कबुलीजबाबच म्हणावा लागेल.

तथापि भिंत पडली तरी तिचा पाया जमिनींत राहिला. वापराचा हक्क दिला तर त्या भाड्यावरील दर सामान्यतः त्याच वस्तूच्या विक्रीवरील दराइतका असतो. चालकासह सेवा दिली तर दर निराळा असूं शकतो. २०१७ मध्यें मोटारीच्या विक्रीवर २८ टक्के कर आणि वर उपकर होता. चालक नसलेली मोटर भाड्यानें दिली तर तोच भार भाड्यावर. पण चालक आणि इंधन यांसह तीच गाडी दिली तर, वजावटीवर मर्यादा पत्करून, ५ टक्क्यांचा मार्ग मोकळा होता. २०२५ च्या सप्टेंबरांत दरांची फेरमांडणी होऊन बहुतेक वस्तु व सेवा ५ आणि १८ ह्या दोन टक्क्यांत आल्या व निवडक वस्तूंवर ४० टक्के ठेवण्यांत आले. तरीही गाडी सायकलप्रमाणें दिली कीं टांग्याप्रमाणें, हा प्रश्न विचारल्यावांचून बिल लिहितां येत नाहीं.

घराच्या बाबतींत कायद्यानें जी रेषा ओढली आहे ती मात्र सामान्य कुटुंबाला जाणून घेण्यासारखी आहे. कुटुंबाला राहण्यासाठीं दिलेलें घर करमुक्त; दुकान, कचेरी वा गोदाम यांच्या भाड्यावर १८ टक्के. घरमालकाचा एकंदर व्यवसाय वर्षाला वीस लाखांच्या (कांहीं राज्यांत दहा लाखांच्या) मर्यादेंत असेल तर त्याला नोंदणीची गरज नाहीं. १८ जुलै २०२२ पासून भाडेकरू स्वतः नोंदणीकृत व्यावसायिक असेल तर राहत्या घराच्या भाड्यावरील कर त्यानेंच भरावा असें झालें; मात्र एकट्याच्या मालकीचा धंदा करणारा गृहस्थ धंद्याच्या खात्यावर नव्हे, तर स्वतःच्या नांवानें स्वतः राहण्यासाठीं घर घेत असेल तर त्याला १ जानेवारी २०२३ पासून सूट मिळाली. १० ऑक्टोबर २०२४ पासून नोंदणी नसलेल्या मालकाकडून धंद्याची जागा घेणाऱ्या नोंदणीकृत भाडेकऱ्यावरही अशीच जबाबदारी आली. परत करावयाची अनामत रक्कम भाड्यांत वळती करीपर्यंत तिच्यावर कर नाहीं.

मुंबईच्या चाळींतील पागडीलाही ह्या कराच्या कक्षेंत जागा मिळाली. १९४७ च्या मुंबई भाडेनियंत्रण कायद्यानें भाडीं गोठलीं, आणि गोठलेल्या भाड्याच्या बदल्यांत एकरकमी पैसा उघड-गुप्त रीतीनें फिरूं लागला. १९९९ च्या महाराष्ट्र कायद्यानें त्याला मान्यता दिली. २०१८ च्या मे महिन्यांत केंद्र सरकारनें खुलासा केला, कीं पागडी घेऊन कूळहक्क देणें हा करपात्र पुरवठा आहे. मात्र राहत्या घराचा कूळहक्क दिला तर त्याला सूट आहे. हक्क सोडून जाणाऱ्या जुन्या कुळाला मिळालेला पैसा मात्र सुटला नाहीं.

ह्या करपद्धतीचें मुख्य आश्वासन असें होतें, कीं प्रत्येक टप्प्यावर आधीं भरलेल्या कराची वजावट मिळेल आणि कराची सांखळी कोठें तुटणार नाहीं. भाड्यानें देण्यासाठीं बांधलेल्या इमारतीच्या बाबतींत मात्र ती तुटली. सिमेंट, लोखंड, ठेकेदार यांवर भरलेल्या कराची वजावट भाड्यावरील करांतून घेण्यास कायद्यानें मनाई केली आहे. ओडिशांतील एका व्यापारी संकुलाच्या मालकांनीं ह्याविरुद्ध दाद मागितली. ३ ऑक्टोबर २०२४ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें असें म्हटलें, कीं कायद्यांत ‘प्लँट किंवा मशिनरी’ असे शब्द आहेत. इमारत भाड्याच्या धंद्यांत यंत्राचें काम बजावीत असेल तर ती ‘प्लँट’ ठरूं शकेल, आणि तें प्रत्येक प्रकरणांत तपासून पाहावें. संसदेनें २०२५ मध्यें ‘किंवा’ च्या जागीं ‘आणि’ घातलें, आणि तेंही १ जुलै २०१७ पासून. सेवाकराच्या वेळीं २०१० मध्यें घडलें तेंच येथें पुन्हां घडलें. न्यायालयानें एका शब्दांत शोधलेली वाट दुसऱ्या शब्दानें मागील तारखेपासून बुजविण्यांत आली, आणि दुकानाच्या भाड्यांत सिमेंटवरचा कर लपून बसला तो बसलाच.

एकंदर पाहतां ह्या इतिहासाचा अर्थ असा निघतो. कायद्याला जोंपर्यंत मालकीच संपत्ति वाटत होती, तोंपर्यंत त्याच्या जाळ्यांतून उपभोग निसटत राहिला. उपभोग हीही संपत्ति आहे आणि तिला मोल आहे, हें ओळखावयाला त्याला १९५८ पासून १९८२ पर्यंतचा काळ लागला; आणि ती संपत्ति विक्री म्हणावी कीं सेवा, हें ठरवावयाला २०१७ उजाडलें. त्या मधल्या वर्षांत भांडण सरकारांचें होतें, पण व्याज, दंड आणि वकिलांची फी हीं क्रेनवाल्यानें आणि दुकानदारानें मोजलीं. कर जड असला तरी माणूस तो सोसतो. उद्यां मागील वर्षांचा हिशेब बदलेल कीं काय, ही अनिश्चितता मात्र लहान व्यावसायिकाला कराहूनही महाग पडते.

लग्नघरच्या यजमानानें बिल हातीं घेऊन विचारलेल्या प्रश्नाचें उत्तर आतां देतां येतें. त्यानें पातेलीं विकत घेतलीं नाहींत हें खरें. पण दोन दिवस त्यांच्यावर त्याचा एकट्याचा हक्क होता, आणि तेवढे दिवस तीं दुसऱ्या कोणाच्या चुलीवर चढूं शकत नव्हतीं. मोटर आली ती मात्र चालकासह, म्हणून तिच्यापुढची आंकडेमोड निराळी. बिल तपासतांना त्यानें किंमतीबरोबर एवढेंच पाहावें, कीं हातीं आली ती वस्तु, कीं वस्तूसह आलेली चाकरी. एवढें कळलें कीं तळाची ती ओळ बरोबर लिहिली आहे कीं नाहीं, हें त्याला कोणाला विचारावें लागणार नाहीं.